पहिलीतली मुलगी चित्रे पाहते, पण वाचायला कंटाळते, काय करावे?

रोज झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे तुम्हीच तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि ओळीखालून बोट फिरवत राहा. परभणी जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत शिकवताना मला सतत दिसते की, मूल अडते ते बहुधा ‘गोष्ट’, ‘म्हणाला’ अशा जोडाक्षरांपाशी, आणि मोठ्यांनी तिथेच टोकले की ते पुस्तक मिटून टाकते. म्हणून तो शब्द आपणच म्हणावा आणि पुढे जावे. तीच गोष्ट तिने पुन्हा पुन्हा मागितली तरी आनंदाने वाचा, कारण पाठ झालेल्या ओळींतूनच शब्दांची रूपे ओळखीची होतात. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर पातळीनुसार मराठी गोष्टी मोफत मिळतात. मात्र दुसरी संपत आली तरी साधी अक्षरेही ओळखता येत नसतील, तर आधी डोळे तपासून घ्या.