गार पडणारी पिशवी आणि तापणारी पिशवी, दोन्ही आपोआप कशा चालतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुरगळलेल्या पायावर ठेवायची पिशवी दाबून आतली पाण्याची पुडी फोडली की ती गार पडते, आणि हात शेकायची पिशवी पाकिटातून काढली की तापते. सगळं कमी ऊर्जेकडे जातं असं तुम्ही शिकलात, मग पहिली पिशवी ऊर्जा आत ओढून घेते ती कशाच्या जोरावर? आणि दुसरीत लोखंड गंजतं म्हणतात, तर गंजका खिळा हाताला गरम का लागत नाही?

खोट त्या शिकवलेल्या वाक्यातच आहे. चेंडू उतारावरून खाली येतो हे चित्र आपण रसायनांवरही लादतो. मीही पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तेच धरून बसलो होतो. ते सुटलं एका चंचुपात्रामुळे. १०० मिली पाण्यात २० ग्रॅम नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, टाकून ढवळत होतो. पाणी २६ अंशांवर होतं, ते बघता बघता १५ वर आलं आणि काचेवर बाहेरून बाष्पाचे थेंब जमले. खाली बर्फ नाही, काही नाही. पाण्याने स्वतःचीच उष्णता खर्च केली होती.

कशावर? स्फटिकातले धन आणि ऋण आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यांना सोडवायला ऊर्जा लागते. सुटलेल्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, तेव्हा ऊर्जा परत मिळते. साध्या मिठाचा हिशेब बघा: एक मोल (कण मोजायचं रसायनशास्त्रातलं ठरलेलं माप), म्हणजे मिठाच्या बाबतीत सुमारे ५८ ग्रॅम, सोडवायला ७८७ किलोज्यूल लागतात आणि ७८३ च्या आसपास परत येतात. तूट चारेक किलोज्यूलची, म्हणून मीठ घातलेलं पाणी गार झाल्याचं आपल्या लक्षातही येत नाही. नवसागरात मोलमागे ही तूट १५ च्या घरात जाते, आणि गार पिशवीत बऱ्याचदा असणाऱ्या अमोनियम नायट्रेटमध्ये २६ च्या. ही तूट पाण्यातून वसूल होते.

तोट्याचा व्यवहार निसर्ग करतो, कारण तो फक्त ऊर्जा मोजत नाही. स्फटिकात प्रत्येक आयनाची जागा ठरलेली असते. द्रावणात तो कुठेही असू शकतो. अशा शक्यता किती वाढल्या याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. पुस्तकं तिला ‘अव्यवस्था’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, त्याने डोळ्यांसमोर नुसती विस्कटलेली खोली येते. अमोनियम नायट्रेट विरघळताना एन्ट्रॉपी दर मोलला सुमारे १०९ ज्यूल प्रति केल्व्हिन वाढते. तिला २९८ केल्व्हिनने, म्हणजे खोलीच्या तापमानाने गुणा: ३२ किलोज्यूल. तूट २६ ची, जमा ३२ ची. गिब्ज या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात मांडलेला हिशेब तो हाच, आणि त्यात पिशवी फायद्यात आहे.

विरघळलं की एन्ट्रॉपी वाढतेच असं मात्र नाही. कॅल्शियमसारखा दोन भार असलेला आयन पाण्याच्या रेणूंना इतकं जखडून ठेवतो की एकूण एन्ट्रॉपी घटू शकते. कोरडं कॅल्शियम क्लोराइड तरीही विरघळतं, कारण ते मोलमागे ८० किलोज्यूलच्या आसपास उष्णता बाहेर टाकतं.

याच तुटीतून विद्राव्यतेचं एक कोडं सुटतं. विरघळताना जो पदार्थ उष्णता मागतो, तो तापवलेल्या पाण्यात सहसा जास्त विरघळतो. १०० ग्रॅम पाण्यात नवसागर ० अंशाला सुमारे २९ ग्रॅम मावतो, १०० अंशांना ७७. मिठाची मागणीच किरकोळ, म्हणून ते ३६ वरून जेमतेम ३९ वर जातं.

आता गरम पिशवी. तिच्यात लोखंडाची भुकटी, मीठ, पाणी आणि कोळशाची पूड असते. लोखंड इलेक्ट्रॉन देतं, ते झालं ऑक्सिडीकरण. हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. एकदा मी अर्धी वापरलेली पिशवी प्लॅस्टिकच्या बरणीत टाकून झाकण घट्ट लावलं. सकाळी बरणीच्या भिंती आत चेपलेल्या आणि पिशवी गारढोण! आतला ऑक्सिजन लोखंडाने गिळला होता. हवेत मोकळा हिंडणारा वायू घन पदार्थात कोंडला गेला, म्हणजे इथे एन्ट्रॉपी चक्क घटली. गंजात पाणीही अडकतं, पण हिशेबापुरतं साधं फेरिक ऑक्साइड, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनचं संयुग, धरू. त्याचा एक मोल बनताना एन्ट्रॉपी सुमारे २७५ ज्यूल प्रति केल्व्हिनने कमी होते. पण ८२४ किलोज्यूल बाहेर पडतात, आणि ती उष्णता तुमच्या हातात, हवेत पसरून तिथली एन्ट्रॉपी २७०० ज्यूल प्रति केल्व्हिनच्या वर वाढवते (८२४ किलोज्यूलला २९८ ने भागा). आत घट, बाहेर दसपट वाढ. एक पिशवी आतला हिशेब जिंकते, दुसरी बाहेरचा. बेरीज दोन्हीकडे वाढतेच.

खिळाही ग्रॅममागे साधारण तितकीच उष्णता देतो. पण त्याचा जेमतेम पृष्ठभाग हवेला लागतो आणि गंज चढायला आठवडे जातात, तोवर ती उष्णता कधीच उडून गेलेली असते. गिब्जचा हिशेब दिशा सांगतो, वेग नाही. वेग भुकटीतून येतो, आणि मिठातून. लोखंड इलेक्ट्रॉन एका जागी देतं, ऑक्सिजन ते दुसऱ्या जागी घेतो. इलेक्ट्रॉन धातूतून जातात, पण भाराचा समतोल राखायला मधल्या पाण्यात आयन लागतात. ते मीठ विरघळूनच मिळतात.

आणि हो, वापरलेल्या पिशव्या परत चालतील का हेही तुम्ही विचारलं आहे. गरम पिशवी अर्ध्यावर नकोशी झाली तर हवाबंद डब्यात टाका, उरलेलं लोखंड नंतर कामाला येईल. गंजलेलं मात्र गेलं. गार पिशवीत नुसतं विरघळणंच झालेलं असतं, त्यामुळे तत्त्वतः पाणी उडालं की क्षार परत मिळतो. नवसागराचं द्रावण मी तसंच पसरट ताटलीत सुकवलं होतं, पिसांसारखे स्फटिक आले. अमोनियम नायट्रेट असलेल्या पिशवीवर हा प्रयोग करू नका, तापल्यावर ते स्फोटकाच्या जातीचं आहे.