नवा फ्लॅट, ओसी हातात, मग इंजिनिअर कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे: रत्नागिरीत नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट ठरलाय, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी आली आहे, बँकेचं कर्जही मंजूर झालंय. मग पदरचे पैसे घालून इंजिनिअर आणायची गरज काय?

माझ्या मते आणाच. नगरपरिषद बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झालंय का ते पाहते. बँकेचा माणूस कर्ज बुडालं तर घर विकून किती येतील ते पाहतो. आर्किटेक्टचं बिल बिल्डर देतो. तुमच्या न्हाणीघराचा उतार बघणं यांच्यापैकी कोणाचंच काम नाही.

आणि कोकणात नवं घर म्हणजे बहुतेक वेळा पाऊस न पाहिलेलं घर. दसऱ्यानंतर रंग लागतो, अक्षय्य तृतीयेला चावी मिळते, मधल्या काळात भिंती कोरड्याठाक. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आडवा येतो. म्हणून पहिली तपासणी पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या खिडक्यांची. बाहेरून पाइपने पाणी मारायचं, पण सुरुवात खालून करायची. आधी खिडकीचा उंबरा, मग बाजूचे सांधे, शेवटी छज्जा, प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं. एकदम वरून मारलं तर पाणी नेमकं कुठून आत आलं ते कळत नाही. आतल्या माणसाने मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरावा, म्हणजे ओल आणि रंगाचे फुगवटे सावलीने दिसतात. सरकत्या खिडकीच्या पट्टीत पाणी बाहेर जायला छोटी भोकं असतात. ती सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजलेली बऱ्याचदा सापडतात. उंबऱ्याला बाहेर उतार आणि पुढे आलेल्या कडेखाली पाणी तोडणारी खाच आहे का, तेही पाहा. खाच नसेल तर पाणी कडेवरून मागे ओघळत भिंतीत मुरतं.

न्हाणीघरात ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या तोंडाला, फडकं कोंबून दोन इंच पाणी भरा, किमान 24 तास ठेवा आणि खालच्या फ्लॅटचं छत बघा. लाद्या पाणी अडवत नाहीत, वॉटरप्रूफिंग त्यांच्याखाली असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी सोडल्यावर दहा मिनिटांनी कुठे डबकं राहिलं तर उतार चुकलाय. दीड मीटरला साधारण दोन सेंटिमीटर उतार हवा. तुम्ही वरच्या मजल्यावर, म्हणजे गच्चीचीही हीच परीक्षा, 48 तास. कठड्याच्या बुडाशी वाटा, म्हणजे कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई, नीट भरलाय का ते बघा, कारण कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) तिथेच भिंतीपासून सुटतो. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर ती मंजूर नकाशात आहे का विचारा. खालचा कच्चा कोबा झाकायलाही शेड घालतात.

लाद्या आणि खिडक्या नंतरही दुरुस्त होतात. स्लॅबमधल्या सळीचं तसं नाही. खाडीची वाळू न धुता वापरली की मिठातला क्लोराइड सळीवरचं संरक्षक आवरण मोडतो. गंजलेली सळी फुगते आणि प्लॅस्टर ढलप्यांनी सुटतं. हे दिसायला बरीच वर्षं जातात, आणि रेरा, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्यात दोष फुकट दुरुस्त करून घ्यायची मुदत ताब्यापासून 5 वर्षांची. गंज दिसेपर्यंत ती संपलेली असू शकते. म्हणून बिल्डरकडे काँक्रीटच्या ठोकळ्यांचे 28 दिवसांचे ताकद-चाचणीचे अहवाल आणि वाळू कुठून आली त्याची चलनं मागा. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या खाऱ्या हवेला उघड्या काँक्रीटसाठी किमान एम 30 ताकदीचं काँक्रीट आणि सळीवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. इंजिनिअर कव्हर मीटर कॉलमवर फिरवून हे कव्हर काही न फोडता तपासतो. शंका आली तर नमुना काढून प्रयोगशाळेत क्लोराइड मोजून घ्यायचा. नव्या भिंतीच्या बुडाला पांढरा लोणा फुटलेला दिसला तर ते निव्वळ रंगाचं काम समजू नका.

भेगांना उगाच घाबरू नका. प्लॅस्टरवरची केसासारखी जाळी किंवा बीमखाली चिऱ्याच्या सांध्यातली आडवी रेघ बहुधा आकुंचनाची असते. कॉलमच्या किंवा बीमच्या लांबीने जाणारी भेग मात्र इंजिनिअरला लगेच दाखवा.

विजेचं काम पटकन होतं: आरसीसीबीचं, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा, प्रत्येक सॉकेटला टेस्टर लावा. जांभ्यात उन्हाळ्याला अर्थिंग कमजोर पडतं, त्यामुळे मे महिन्यात मोजलेला आकडा खरा. सेप्टिक टँकचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर हवा. जांभ्याच्या भेगांतून पाणी भराभर उतरतं, म्हणून मी तर त्याहून जास्त अंतर मागेन. हाच प्रश्न चिपळूणच्या कोणाला असेल तर शेजारच्या जुन्या घरांवर 22 जुलै 2021 च्या पुराची खूण शोधा, आणि मीटर रूम व पंप तिच्यावर आहेत का ते पाहा.

इंजिनिअर बिल्डरने सुचवलेला नको. तपासणी शेवटच्या हप्त्याच्या आधीच करा आणि दोषांची यादी फोटोंसह ईमेलने पाठवा. रेराप्रमाणे दोष कळवल्यापासून बिल्डरला दुरुस्तीला 30 दिवस मिळतात. पण भूखंड 500 चौरस मीटरपर्यंतचा किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर प्रकल्पाची महारेराकडे (या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे) नोंदणी सक्तीची नाही, आणि तालुक्याच्या गावात अशाच इमारती जास्त. तिथे दोष-दुरुस्तीची मुदत करारात शब्दांत लिहून घ्या. ताबा पावतीवर ‘घर समाधानकारक स्थितीत मिळाले’ असं छापलेलं असेल, तर त्याखाली तुमच्या यादीची तारीख हाताने लिहून मगच सही करा.