नवीन साप उंदराला तोंडच लावत नाहीये!

प्रश्न: डॉक्टर, आम्ही न्यू जर्सीला असतो. लेकाने हट्ट करून बॉल पायथनचं (अजगराच्या एका छोट्या जातीचं) पिल्लू आणलंय, पण आल्यापासून ते काहीच खात नाही. लेक दिवसभर त्याला हातात घेऊन बसतो. आजारी असेल का?

उत्तर: आजारी असण्यापेक्षा घाबरलेलं असण्याचीच शक्यता जास्त. आधी लेकाला सांगा, आठवडाभर हात लावायचा नाही म्हणजे नाही. टाकीत अंग चोरून बसता येईल अशी घट्ट लपायची जागा हवी, एका बाजूला ३१-३२ अंश सेल्सिअस ऊब हवी, थंडीत सापाला पचत नाही म्हणून तो खातही नाही. फ्रोजन उंदीर पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, मायक्रोवेव्ह अजिबात नको (फुटतो, मग बसा पुसत!), आणि रात्री दिवे घालवून चिमट्याने समोर हळूच हलवा. उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढाच असावा. नाही खाल्लं तर तो उंदीर काढून टाका, पुन्हा आठवड्याने दुसरा द्या. डोळे निळसर दिसत असतील तर कात टाकायची वेळ आलीय, तेव्हा उपाशीच राहतात. किचनच्या काट्यावर वजन बघत राहा, ते घसरत चाललं तर मात्र सापांच्या डॉक्टरला दाखवा.