तिसऱ्या दिवशी जपून

गुलमर्गला स्कीइंगला निघालास, लई भारी! पण आपण पाचशे-सहाशे मीटरवर राहणारी माणसं. गुलमर्ग गावच साधारण 2,650 मीटरवर आहे. पहिल्या दिवशी धाप लागणारच, लाजू नकोस. आतापासून दर रविवारी देवगिरीचा किल्ला चढ. खरी मेहनत मात्र उतरताना घे, सावकाश, गुडघे किंचित वाकवून. स्कीइंगमध्ये मांड्या अशाच भरून येतात.

गुलमर्गला आमच्या ग्रुपात मी सगळ्यात मागे. पुढचे थांबायचे, मी धापा टाकत पोचलो की "चला!" म्हणून निघायचे. विश्रांती त्यांना, मला शून्य! तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला "शेवटची एक फेरी" म्हणून उतरलो अन् गुडघा मुरगळला. उरलेले दोन दिवस खोलीत, कांगडी म्हणजे निखाऱ्याची शेगडी, आणि कहवा, तो काश्मिरी चहा. म्हणून आधीच ठरवून घ्या, शेवटचा पोचला तरी त्याचा दम खाली बसेपर्यंत कुणी हलायचं नाही. थांबायचं ते उताराच्या बाजूला, वरून येणाऱ्याला दिसेल असं. उंचवट्याच्या आड तर मुळीच नको.

दुपारनंतर पाय थरथरायला लागले की सरळ स्कीचे बूट काढ, दिवस संपला. हसतील, हसू देत. आणि खिशात शेंगदाण्याचा लाडू ठेव, तिथली मॅगी फार महाग पडते बाबा.