माइंडफुलनेस केल्याने एमबीबीएसला मार्क वाढतात का?

तुम्ही विचारलंय की पहिल्या टर्मिनल परीक्षेला ॲनाटॉमीत गटांगळी खाल्ली, रूममेट म्हणतो रोज माइंडफुलनेस (श्वासावर लक्ष ठेवून बसायचं ध्यान) कर, नाहीतर सरळ इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस जाऊन ये. याने मार्क वाढतील का?

मी फिजिऑलॉजी शिकवतो, दरवर्षी पहिल्या वर्षाची व्हायवा (तोंडी परीक्षा) घेतो आणि स्वतः रोज सकाळी थोडा वेळ ध्यानाला बसतो. त्यामुळे ‘हो, वाढतात’ म्हणायला मला आवडलं असतं. पण निव्वळ मार्कांसाठी बसणार असाल, तर तेवढ्या वेळात ब्रेकियल प्लेक्सस (हाताला जाणाऱ्या नसांचं जाळं) न बघता एकदा कागदावर काढा. जास्त फायदा होईल.

मेडिकलच्या मुलांवर या विषयात बरंच काम झालंय. नॉर्वेत ऑस्लो आणि ट्रॉम्सो इथल्या मेडिकल आणि मानसशास्त्राच्या २८८ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. माइंडफुलनेसचा कोर्स केलेल्या मुलींचा मानसिक त्रास आणि अभ्यासाचा ताण कमी झाला. मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही. (का, यावर तर्क पुष्कळ आहेत.) केंब्रिजमध्ये ६१६ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, तिथेही परीक्षेच्या दिवसांतला त्रास कमी झाला. म्हणजे पुरावा आहे तो मुख्यतः ताण कमी होण्याचा, आणि ताण कमी झाला म्हणून मार्क आपोआप वाढत नाहीत. निवांत मनानेही नापास होता येतं.

लक्ष सारखं भरकटत असेल, तर गोष्ट थोडी वेगळी. अमेरिकेतल्या २०१३च्याच एका छोट्या प्रयोगात, ४८ विद्यार्थ्यांवर, दोन आठवड्यांच्या सरावानंतर उतारा वाचून उत्तरं देण्याचे गुण सुधारले, आणि त्यातही ज्यांचं मन आधीपासून जास्त भटकायचं त्यांना उपयोग झाला. चार पानं वाचून झाल्यावर ‘काय वाचलं?’ असं होत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. मन गेलंय हे कळणं आणि त्याला परत आणणं, सराव एवढाच. दहा मिनिटं पुरतात, ॲपचे पैसे भरायची गरज नाही.

मला स्वतःला त्याचा खरा उपयोग व्हायवाच्या टेबलावर दिसतो. मुलाला उत्तर येत असतं, पण पहिला प्रश्न चुकला की तो पुढची पाच मिनिटं त्या चुकलेल्या प्रश्नातच अडकून बसतो. मी तिसरा प्रश्न विचारतोय, हा अजून पहिल्यावर. ज्याला ‘गेला तो गेला’ म्हणून एक लांब श्वास सोडता येतो, त्याला निदान जे येतंय ते तरी सांगता येतं. जे वाचलंच नाही, ते मात्र श्वास सोडून आठवत नाही.

मार्कांसाठी स्वतःची परीक्षा घ्या. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात एक उतारा चार सत्रांत नुसता वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४० टक्के आठवला. एकाच सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा नुसतं वाचणारेच पुढे होते. हॉस्टेलवर रात्री ‘झालं सगळं’ वाटतं ते याच भरवशावर. डिसेक्शन हॉलमधून आल्यावर त्याच संध्याकाळी पुस्तक मिटून लिहा, मित्राला तोंडी विचारायला लावा.

इगतपुरीचं म्हणाल तर तिथे दहाव्या दिवसापर्यंत मौन असतं, फोन नाही, आणि वाचन-लेखनही चालत नाही. शिवाय ते माइंडफुलनेसच्या दहा मिनिटांपेक्षा फार कडक आहे. जायचं असेल तर युनिव्हर्सिटीची परीक्षा संपल्यावर, सुट्टीत जा. पार्ट कम्प्लीशनच्या (एक भाग शिकवून झाल्यावरच्या परीक्षेच्या) तोंडावर नको, अटेंडन्सही जाईल.

झोपच लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र बसून बघू म्हणत थांबू नका. तुमच्याच कॉलेजच्या सायकियाट्री ओपीडीत जा. तिथे ओळखीचं कुणी भेटेल याची लाज वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.