एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आदिवासी भागातल्या आरोग्य-विषमतेवर संशोधन शिकायला कुठे सुरुवात करू?

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन योजना बघ. १९७९ पासून चालू आहे, काम दोन महिन्यांचं. गाइड आपल्याच कॉलेजातले, शक्यतो पीएसएमचे (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभाग) धर. स्टायपेंड मात्र अहवाल मंजूर झाल्यावरच मिळतो, तोवर खिशातले!

'आदिवासींचे आरोग्य' असला अवाढव्य विषय नको. दोन पाड्यांतल्या बायकांची गरोदरपणातली पहिली तपासणी कितव्या महिन्यात झाली, रस्त्यापासून पाडा किती लांब, एवढंच मोज. गडचिरोलीत 'सर्च' या डॉ. बंग दांपत्याच्या संस्थेनेही आधी घरोघरचे बालमृत्यू मोजले. नवजात बाळांच्या घरच्या काळजीवरचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एथिक्स कमिटीचा अर्ज आजच टाक, घोडं तिथेच अडतं.