प्रवाळभित्तीवर काम करायचं ठरवलंस तर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. प्रवाळभित्तींवर संशोधन करायचं पक्कं केलंस, फार आनंद झाला. विषय कोणता घ्यावा, असं विचारलं आहेस. विषयाचं नंतर बघू. आधी जागा ठरव आणि ती वर्षानुवर्षं धरून ठेवायची तयारी आहे का, याचा विचार कर.

असं का म्हणते, ते जमैकावरून कळेल. तिथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस समुद्रतळाचा निम्म्याहून जास्त भाग जिवंत प्रवाळाने व्यापलेला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्याही खाली गेला. १९८०मध्ये ॲलन चक्रीवादळाने फांद्यांचे प्रवाळ मोडून टाकले, ते सगळ्यांना दिसलं. पण १९८३-८४मध्ये कॅरिबियनभर डायडेमा नावाचे लांब काट्यांचे समुद्री अर्चिन, म्हणजे शैवाल खाणारे गोल काटेरी प्राणी, रोगाने मेले, आणि मग शैवाल माजलं. शैवाल खाऊन भित्ती साफ ठेवायचा सगळा भार एकट्या अर्चिनवर आला कसा? कारण पॅरटफिशसारखे शैवाल खाणारे मासे माणसांनी आधीच बेसुमार मारले होते. वादळापूर्वी भित्ती दिसायला धडधाकट होती, दुखणं आत मुरलेलं होतं. १९९०च्या दशकात पहिल्यांदाच तिथे उतरलेल्या अभ्यासकाला केवळ शैवाल दिसलं असतं. जुन्या नोंदी होत्या म्हणूनच कारणांची साखळी जुळवता आली.

जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर हेरॉन बेटापाशी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला काही चौकटी आखल्या आणि त्याच चौकटींचे फोटो तीस वर्षं घेतले. एकाच बेटाभोवतीचे काही तुकडे वादळांनंतर सावरले, काही सावरले नाहीत, हे त्यातून पुढे आलं. या क्षेत्रात मला सर्वांत जास्त आदर अशा कामाबद्दल वाटतो. अनुदान दोन-तीन वर्षांचं मिळतं, आणि पोराइट्स या प्रकारचा गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. हा मेळ बसवणं तुझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात अवघड काम असेल. तेव्हा प्रकल्प बदलले तरी चौकटी त्याच ठेव.

आता नजरेबद्दल. नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या पेशींतलं, त्याला अन्न आणि रंग पुरवणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उपग्रह तापमान सांगतो. समोरची प्रवाळाची वसाहत जगली की मेली, ते खाली जाऊनच बघावं लागतं. पांढरं दिसलं की लगेच ‘मृत’ लिहू नकोस. अगदी जवळ जा, श्वास आवरून स्थिर राहा. काचेसारखी पारदर्शक ऊती सांगाड्यावर असेल, बारीक शुंडकं हलत असतील, तर तो जिवंत आहे; पाणी वेळेत निवलं तर सावरूही शकतो. ऊती गेलेली असेल तर सांगाड्याच्या खळग्यांच्या कडा उघड्या दिसतात आणि थोड्याच दिवसांत त्यांवर हिरवट-तपकिरी लव धरते. हा फरक ओळखता येईपर्यंत संगणकाकडून फोटो मोजून घेऊ नकोस. संगणक चुकला तर ते तुझ्या लक्षातच येणार नाही.

संख्याशास्त्र नीट शिक, त्यावाचून गत्यंतर नाही. पाण्यात तरंगण्यावर ताबा मिळव. पायात घातलेल्या फिनच्या एका फटक्याने कित्येक वर्षांची फांदी मोडते. नोंदी अशा ठेव, की तुला न भेटलेल्या माणसालाही त्या वापरता याव्यात.

आणि दुःख होईल. जगभर पसरलेल्या ब्लीचिंगची, म्हणजे प्रवाळ असे पांढरे पडण्याची, चौथी लाट २०२४मध्ये जाहीर झाली. ओळखीची भित्ती डोळ्यांसमोर पांढरी पडताना बघणं सोपं नाही. त्या दिवसाची मोजणी तरीही पूर्ण कर, आणि संध्याकाळी सोबतच्यांशी बोल. एकट्याने कुढत बसू नये.

अर्ज भरण्याआधी होऊ घातलेल्या मार्गदर्शकांना एवढं विचार: तुमच्या जागेच्या जुन्या नोंदी किती मागे जातात, आणि मला त्या बघायला मिळतील का? काय उत्तर येतं ते मला कळव; मग विषयाचं बोलू.